ॲक्सेस लिस्ट कुठे लावली, त्यावर तिचा अर्थ ठरतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या गावी एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय. सिस्कोचा एक राउटर, त्याच्यामागे स्विच आणि स्विचवर चार व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्क). १० मध्ये काउंटर आणि हिशोबाचे संगणक, २० मध्ये कर्मचाऱ्यांचं वायफाय, ३० मध्ये सीसीटीव्ही, ४० मध्ये सभासद आणि पाहुण्यांचं वायफाय. बाहेर जायला दोन लाइनी: कोअर बँकिंग चालतं ती लीज लाइन आणि एक फायबर ब्रॉडबँड. वायफायची सगळी गर्दी ब्रॉडबँडवर ढकलायची, लीज लाइन काउंटरसाठी मोकळी ठेवायची आणि पाहुण्यांना आतलं काही दिसू द्यायचं नाही, एवढंच करायचं होतं. शनिवारी संध्याकाळी राउटरवर ॲक्सेस लिस्टा लावल्या, पिंग गेलं, समाधानाने घरी. सोमवारी सकाळी फोनना आयपी मिळेना, व्यवस्थापकांच्या संगणकावर कॅमेरे दिसेनात, वायफायवरून प्रिंटर सापडेना. काउंटरवर यूट्यूब बंद केलं होतं, ते मात्र सुरूच.

तुम्ही चारही लिस्टा आणि रूट-मॅप (कुठलं पॅकेट कुठल्या वाटेने जायचं ते सांगणारा नियम) जसेच्या तसे पाठवलेत, त्यामुळे अंदाज बांधावे लागले नाहीत. एक सांगून ठेवतो: खालचे आदेश मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत. राउटरवर अर्थातच नेहमीच्या रोमन स्पेलिंगने आणि इंग्रजी आकड्यांनी टाका.

आधी मुळाची गोष्ट, कारण तुमची बरीचशी दुखणी तिच्यातूनच आली आहेत. ॲक्सेस लिस्ट स्वतः काहीच अडवत नाही. ती फक्त पॅकेट ओळखते. मतदारयादी एकच असते. केंद्रावरचा अधिकारी तिच्यावरून मत देऊ द्यायचं की नाही ते ठरवतो आणि उमेदवाराचा कार्यकर्ता तिच्यावरूनच घरोघर चिठ्ठ्या वाटतो. लिस्टचंही तसंच. इंटरफेसवर लावली की परमिट म्हणजे जाऊ दे, डिनाय म्हणजे टाकून दे. नॅटला, म्हणजे आतला पत्ता बाहेरच्या पत्त्यात बदलणाऱ्या सोयीला, जोडली की परमिट म्हणजे पत्ता बदल, डिनाय म्हणजे आहे तसाच ठेव. रूट-मॅपला जोडली की परमिट म्हणजे या खास वाटेने पाठव, डिनाय म्हणजे नेहमीच्या राउटिंग टेबलवर सोड. शेवटी न लिहिलेली जी 'डिनाय आयपी एनी एनी' ओळ असते तिचा अर्थही जागेप्रमाणे फिरतो. इंटरफेसवर ती पॅकेटचा जीव घेते; रूट-मॅपमध्ये ती निरुपद्रवी असते. तुम्ही रूट-मॅपची लिस्ट लिहिताना मनात इंटरफेसचे नियम धरले, म्हणून प्रिंटर गेला. पण त्याच्याकडे नंतर येतो.

सकाळी आयपी का मिळाला नाही?

तुमची ४० ची लिस्ट दोन ओळींची आहे: १० च्या नेटवर्ककडे जाणारं डिनाय, मग '१९२.१६८.४०.० ०.०.०.२५५' पासून कुठेही परमिट. कागदावर बिनचूक. पण फोन पहिल्यांदा वायफायला जोडतो तेव्हा त्याच्याकडे पत्ताच नसतो. तो ०.०.०.० या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ ला ओरडतो, 'कुणी आयपी देता का'. सोर्स ०.०.०.० तुमच्या परमिटमध्ये बसत नाही, मग शेवटची अदृश्य ओळ त्याला गिळते. शनिवारी सगळं चाललं कारण तेव्हा ज्यांना पत्ता आधीच मिळालेला होता तेच चाचणीला होते. सिस्कोच्या डीएचसीपी पूलमधून, म्हणजे आयपी वाटायच्या साठ्यातून, मिळालेल्या पत्त्याची मुदत काही न सांगता १ दिवसाची असते. रविवार सरला, सोमवारी सगळे फोन नव्याने जोडले गेले आणि १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते घेऊन बसले. हा आकडा लॅपटॉपवर दिसला की निम्मं निदान झालंच म्हणून समजा.

पाहुण्यांची लिस्ट मी अशी लिहीन:

आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड पाहुणे-आत
१० परमिट यूडीपी एनी ईक्यू बूटपीसी एनी ईक्यू बूटपीएस
२० परमिट यूडीपी १९२.१६८.४०.० ०.०.०.२५५ होस्ट १९२.१६८.४०.१ ईक्यू डोमेन
३० परमिट टीसीपी १९२.१६८.४०.० ०.०.०.२५५ होस्ट १९२.१६८.४०.१ ईक्यू डोमेन
४० डिनाय आयपी एनी १०.०.०.० ०.२५५.२५५.२५५
५० डिनाय आयपी एनी १७२.१६.०.० ०.१५.२५५.२५५
६० डिनाय आयपी एनी १९२.१६८.०.० ०.०.२५५.२५५
७० परमिट आयपी १९२.१६८.४०.० ०.०.०.२५५ एनी
८० डिनाय आयपी एनी एनी लॉग

ही उपइंटरफेस ०/१.४० वर (व्हीलॅन ४० चं राउटरवरचं दार) 'इन' दिशेने. दिशेचा घोळ होतो तेव्हा राउटरच्या पोटात जाऊन बसा आणि तिथून बघा: पाहुण्याचं पॅकेट माझ्याकडे येतंय, म्हणजे इन. १० वी ओळ आयपी मागणाऱ्या त्या आरोळीसाठी. २० आणि ३० या ओळी डीएनएससाठी (नावावरून आयपी शोधायला), आणि दोन्ही लागतात. डीएनएस बहुतेक वेळा यूडीपीवर चालतं, पण उत्तर मोठं असलं की टीसीपीवर जातं. ४० ते ६० मध्ये आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजातले तिन्ही खाजगी पट्टे एकदम बंद केलेत. तुम्ही फक्त १० चं नेटवर्क नाव घेऊन बंद केलं होतं. त्यामुळे पाहुण्यांची पॅकेट कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरपर्यंत पोचत होती, आणि १९२.१६८.१.१ वर बसलेल्या ब्रॉडबँडच्या ओएनटीचं (फायबर ज्यात येतो त्या डब्याचं) लॉगिन पानही उघडत होतं. त्याचा पासवर्ड कुणी बदलला असेल असं मी गृहीत धरत नाही. उद्या कुणी ५० नंबरचा व्हीलॅन काढला तरी ही लिस्ट बदलावी लागणार नाही.

७० व्या ओळीत सोर्समध्ये 'एनी' न लिहिता नेटवर्क लिहिलंय, ते मुद्दाम. कुणाचा व्हायरस लागलेला लॅपटॉप खोट्या सोर्स पत्त्याने पॅकेट उधळू लागला तर ती इथेच मरतात. मे २००० मधल्या आरएफसी २८२७ मध्ये हेच सांगितलंय, नेटवर्कवाले त्याला बीसीपी ३८ म्हणतात. पंचवीस वर्षं झाली तरी कित्येक ठिकाणी हे केलेलं नसतं, आणि करायला लागते ती एवढी एकच ओळ.

कॅमेरे का गेले?

३० च्या लिस्टमध्ये तुम्ही कॅमेऱ्यांकडून येणारं सगळं बंद केलंत. हेतू चांगला होता. २०१६ च्या मिराई या मालवेअरच्या प्रकरणात टेलनेटचं (लांबून लॉगिन करायचं) दार उघडं आणि पासवर्ड कारखान्याचाच असलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर लाखांनी पकडले गेले, आणि त्या वर्षी २१ ऑक्टोबरला डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला तेव्हा मोठमोठ्या साइट अमेरिकेत तासन्‌तास अडकल्या. तेव्हापासून सीसीटीव्हीला इंटरनेट द्यायचं नाही हा माझाही नियम आहे.

पण ही लिस्ट स्टेटलेस आहे, तिला आठवण नाही. व्यवस्थापकांच्या संगणकाने रेकॉर्डरला विचारलं ते पॅकेट व्हीलॅन १० मधून आत आलं आणि ३० मधून बाहेर पडलं, तिथे कुणी अडवलं नाही. रेकॉर्डरने उत्तर दिलं. ते उत्तर राउटरच्या दृष्टीने ३० मधून 'इन' येणारं नवं पॅकेट, आणि तुम्ही तर ३० मधून काही येऊच द्यायचं नाही असं लिहिलेलं. म्हणून:

१० परमिट टीसीपी होस्ट १९२.१६८.३०.५ १९२.१६८.१०.० ०.०.०.२५५ एस्टॅब्लिश्ड
२० परमिट यूडीपी १९२.१६८.३०.० ०.०.०.२५५ होस्ट १९२.१६८.३०.१ ईक्यू एनटीपी
३० डिनाय आयपी एनी एनी लॉग

'एस्टॅब्लिश्ड' या शब्दाने फसू नका. राउटर कुठलीही जोडणी लक्षात ठेवत नाही. टीसीपी हेडरमध्ये एसीके किंवा आरएसटी बिट आहे का, एवढंच बघतो. जोडणी सुरू करणाऱ्या पहिल्या पॅकेटमध्ये नुसता एसवायएन असतो, म्हणून रेकॉर्डर स्वतःहून काउंटरच्या संगणकाशी बोलायला सुरुवात करू शकत नाही. उत्तर देऊ शकतो. ठरवून एसीके बिट चढवलेलं पॅकेट मात्र यातून सुटतं, म्हणून इंटरनेटच्या तोंडावर एवढ्यावर भागवू नका. तिथे झोन-बेस्ड फायरवॉल लावा, तिला जोडण्यांची आठवण असते. आणि यूडीपीला एस्टॅब्लिश्ड लागूच होत नाही. रेकॉर्डर पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ यूडीपीवर येत असेल तर सेटिंगमध्ये टीसीपी निवडा, नाहीतर लॉगिन होईल आणि खिडक्या काळ्या राहतील.

२० वी ओळ घड्याळासाठी. रेकॉर्डर राउटरकडून वेळ घेईल. फुटेजमधली वेळ आठ मिनिटं मागे असेल तर पोलीस पंचनाम्याच्या वेळी काय होतं ते एकदा पाहिलेला माणूस ही ओळ विसरत नाही. त्यासाठी राउटरचंच घड्याळ बरोबर हवं. 'क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०' टाका आणि एनटीपी (घड्याळ जुळवायची सेवा) जोडा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांना जुळलेल्या सर्व्हरशी, मिळवायला सांगितली आहेत आणि लॉग १८० दिवस ठेवायला सांगितले आहेत. राउटरच्या पोटात १८० दिवसांचे लॉग मावत नाहीत, तेव्हा एखाद्या जुन्या संगणकावर सिसलॉग सर्व्हर उभा करा.

संचालकांना घरून मोबाइलवर कॅमेरे बघायचे असतील तर पोर्ट फॉरवर्ड करू नका. व्हीपीएन द्या. कुरकुर होईल, होऊ द्या.

आता प्रिंटर, आणि या सगळ्यातली खरी गंमत

पॉलिसी-बेस्ड राउटिंगसाठी, म्हणजे ठरावीक पॅकेट वेगळ्या वाटेने पाठवण्यासाठी, तुमची लिस्ट एका ओळीची आहे: परमिट आयपी १९२.१६८.२०.० ०.०.०.२५५ एनी. रूट-मॅपमध्ये 'सेट आयपी नेक्स्ट-हॉप १९२.१६८.१.१'. म्हणजे कर्मचाऱ्यांच्या फोनवरून निघालेलं प्रत्येक पॅकेट ओएनटीकडे जातं. यूट्यूबचं जातं, व्हॉट्सॲपचं जातं, आणि १९२.१६८.१०.५० वरच्या प्रिंटरसाठी निघालेलंही तिकडेच जातं. प्रिंटर शेजारच्या टेबलावर, राउटरला त्याची वाट पाठ. पण सेट आयपी नेक्स्ट-हॉप राउटिंग टेबलच्या आधी चालतं, टेबलला कुणी विचारतच नाही. ओएनटीला १९२.१६८.१०.५० म्हणजे काय ते माहीत नाही. पॅकेट तिथे संपलं.

इथे डिनाय वापरायचं, आणि भीती न बाळगता वापरायचं, कारण इथे डिनाय म्हणजे 'या भानगडीत पडू नको, नेहमीसारखा जा':

आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड वाट-कर्मचारी
१० डिनाय आयपी एनी १९२.१६८.०.० ०.०.२५५.२५५
२० डिनाय आयपी एनी १०.०.०.० ०.२५५.२५५.२५५
३० परमिट आयपी १९२.१६८.२०.० ०.०.०.२५५ एनी

पण थांबा, हे लगेच टाकू नका. तुमच्या २० च्या इंटरफेसवरच्या लिस्टमध्ये ही ओळ आहे:

डिनाय आयपी १९२.१६८.२०.० ०.०.०.२५५ १९२.१६८.१०.० २५५.२५५.२५५.०

शेवटी वाइल्डकार्डच्या जागी सबनेट मास्क पडलाय. वाइल्डकार्डमध्ये ० म्हणजे 'हा बिट जुळलाच पाहिजे' आणि १ म्हणजे 'काही का असेना'. तुम्ही लिहिलंत त्याचा अर्थ: पहिले तीन आकडे काहीही चालतील, शेवटचा मात्र शून्यच हवा. राउटरने चूक दाखवली नाही, गुपचूप ती ओळ '०.०.०.० २५५.२५५.२५५.०' अशी साठवली. 'शो ॲक्सेस-लिस्ट्स' मध्ये बघा, तशीच दिसेल, आणि तिच्यापुढे एकही मॅच नसेल. म्हणजे कर्मचाऱ्यांच्या वायफायवरून हिशोबाच्या संगणकांकडे जायची वाट या लिस्टने कधी अडवलीच नव्हती. ती अडली होती ती रूट-मॅपच्या चुकीमुळे. एका चुकीने दुसरी झाकली. रूट-मॅप आधी दुरुस्त केला असता तर प्रिंटर सुरू झाला असता, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि हिशोबाचे संगणक वायफायला उघडे पडले असते. कुणाला कळलंही नसतं, कारण चालणाऱ्या गोष्टीची तक्रार कोण करतो?

वाइल्डकार्ड काढायची सोपी रीत: २५५.२५५.२५५.२५५ मधून मास्क वजा करा. /२४ चा ०.०.०.२५५, /२६ चा ०.०.०.६३. सिस्कोच्याच एएसए फायरवॉलवर मात्र लिस्टमध्ये साधा सबनेट मास्क लिहितात. दोन्ही हाताळणाऱ्याच्या बोटांना ही चूक होतेच, मला अजून होते.

तेव्हा २० ची लिस्ट आधी: डीएचसीपी आणि डीएनएस वरच्यासारखं (पत्ते २० चे घाला), मग होस्ट १९२.१६८.१०.५० कडे टीसीपी ९१०० आणि ६३१ परमिट, मग तिन्ही खाजगी पट्टे डिनाय, मग बाकी इंटरनेट परमिट. क्रम महत्त्वाचा, वरून खाली पहिली ओळ जुळली की पुढचं वाचलं जात नाही. प्रिंटरचं परमिट डिनायच्या खाली गेलं तर असून नसल्यासारखं. फोनवर प्रिंटर आपोआप सापडणार नाही, तो शोध व्हीलॅनच्या बाहेर जात नाही. आयपी टाकून जोडून द्या.

त्यानंतर रूट-मॅप. पाहुण्यांसाठीही 'वाट-पाहुणे' अशी तीन ओळींची लिस्ट करा आणि दोन वेगळे रूट-मॅप ठेवा. कारण लाइन तुटल्यावर दोघांचं वेगळं व्हायला हवं. ब्रॉडबँड बंद पडलं तर कर्मचाऱ्यांनी लीज लाइनवर जायला हरकत नाही. पाहुण्यांनी तिथे सिनेमे बघू नयेत. कर्मचाऱ्यांच्या रूट-मॅपमध्ये 'सेट आयपी नेक्स्ट-हॉप व्हेरिफाय-अव्हेलेबिलिटी १९२.१६८.१.१ १० ट्रॅक १' लिहा. ट्रॅक १ खाली गेला की पॅकेट आपसूक राउटिंग टेबलवर येतं. पाहुण्यांना साधं 'सेट आयपी नेक्स्ट-हॉप' द्या, ट्रॅक नको. फायबर तुटली की त्यांचं नेट बंद. फक्त ओएनटीची वीजच गेली आणि इंटरफेस डाउन झाला तर तेही टेबलवर येतील, तेवढं चालवून घ्या किंवा ओएनटीला यूपीएस द्या.

ट्रॅकच्या मागे आयपी एसएलएचं पिंग असतं, म्हणजे लाइन चालू आहे का हे बघायला राउटर स्वतःच मारत राहतो ते, आणि त्यात बहुतेकांचा एक घोटाळा होतो. पिंग १९२.१६८.१.१ ला लावतात. तो तर तुमच्याच रॅकमधला डबा! रस्ता खोदताना फायबर तुटली तरी डबा आनंदाने उत्तर देत राहतो आणि ट्रॅक 'अप' दाखवत राहतो. ट्रेसराउट करून ओएनटीच्या पलीकडचा, आयएसपीच्या नेटवर्कातला, रोज उत्तर देणारा एखादा पत्ता निवडा आणि त्याच्यासाठी ओएनटीकडे जाणारा स्वतंत्र होस्ट रूट टाका. रूट नसेल तर ब्रॉडबँड बंद असतानाही पिंग लीज लाइनने फिरून पोचेल. तिथे ८.८.८.८ मात्र घेऊ नका, कारण कुणी ना कुणी तो डीएनएस म्हणून वापरत असतो आणि ब्रॉडबँड पडलं की त्यांचं नेट लीज लाइन चालू असूनही मरतं.

नॅटही दोन्ही लाइनींसाठी वेगळं लागतं. 'आयपी नॅट इनसाइड सोर्स' ला लिस्ट थेट न देता दोन रूट-मॅप द्या आणि प्रत्येकात 'मॅच इंटरफेस' लावा, म्हणजे पॅकेट ज्या लाइनीने निघेल त्याच लाइनीचा पत्ता त्याला लागेल. लाइन बदलल्यावर जुनी भाषांतरं काही वेळ अडकून राहतात, 'क्लिअर आयपी नॅट ट्रान्सलेशन *' मारावं लागतं. एक अनुभवाचं: लीज लाइनच्या इंटरफेसवर 'आउट' लिस्ट लावून पाहुण्यांचे १९२.१६८.४० अडवायचा मोह होईल. चालणार नाही. बाहेर पडताना आधी नॅट होतं, मग आउट लिस्ट बघितली जाते. तोवर सोर्स पत्ता बदललेला असतो. जे अडवायचं ते आत येतानाच अडवा.

यूट्यूब

राउटरच्या लिस्टने जमत नाही, नाद सोडा. लिस्टमध्ये नाव लिहिलं तर राउटर टाइप करताना एकदाच त्याचा आयपी काढतो आणि तो आकडाच साठवतो. पत्ते बदलत राहतात, शिवाय ते पत्ते गूगलच्या दुसऱ्या सेवाही वापरतात. यूट्यूब अडवायला जाल आणि जीमेल बंद पडेल. वर यूट्यूब यूडीपी ४४३ वरही चालतं, त्यामुळे टीसीपी बंद करून भागत नाही. काउंटरसाठी उलट्या बाजूने विचार करा. त्यांना कोअर बँकिंगचा सर्व्हर, डीएनएस, अँटिव्हायरसच्या अपडेटची जागा आणि प्रिंटर लागतो. तेवढंच परमिट करा. काउंटरचा संगणक इंटरनेट बघण्यासाठी नसतोच.

ही कडक लिस्ट लिहिताना आयसीएमपी (पिंग आणि नेटवर्कचे निरोप ज्यातून जातात ते) सरसकट बंद करू नका. पिंग बंद केलं तर बिघडत नाही, पण 'पॅकेट टू बिग' हा निरोप, म्हणजे टाइप ३ कोड ४, दोन्ही दिशांनी जाऊ द्या. तो अडला की पिंग जातं, लॉगिनचं पान येतं, पण मोठा रिपोर्ट उघडताना स्क्रीन लटकते. ब्रॉडबँडला पीपीपीओई पद्धतीचं लॉगिन असेल तर एमटीयू, म्हणजे पॅकेटचं कमाल माप, १४९२ असतो, तिथे 'आयपी टीसीपी ॲडजस्ट-एमएसएस १४५२' लावलेलं आहे का तेही बघा. मी या दोन गोष्टींपायी एकदा सलग दोन दिवस सर्व्हरवाल्यांशी भांडलो होतो, आणि चूक माझी निघाली.

बदल करताना

हे सगळं तुम्ही घरून, एसएसएच करून (लांबून लॉगिन करून) करणार असाल तर आधी हे वाचा. इंटरफेसवर लिस्टचं नाव लावलं आणि ती लिस्ट अजून लिहिलेलीच नसेल, तर आयओएस, म्हणजे सिस्कोच्या राउटरची प्रणाली, सगळं जाऊ देतो. तुम्ही निर्धास्त होऊन पहिली ओळ टाइप करता, एंटर मारता, आणि त्या क्षणी लिस्ट अस्तित्वात येते, शेवटच्या अदृश्य डिनायसकट. पहिली ओळ तुमच्या एसएसएचची नसेल तर खेळ खलास. मी मिरजेच्या एका ग्राहकाकडच्या राउटरवर रात्री साडेनऊला हे केलं. दुसरी ओळ टाइप होईना. दहा मिनिटं लाइनला दोष दिला, मग उजेड पडला. तिथे रात्रपाळीला एक वॉचमन होता. त्याला फोनवर 'मागचं बटण बंद करून चालू करा' एवढं सांगितलं असतं तर भागलं असतं, कारण बदल सेव्ह केला नव्हता. पण रॅकची किल्ली व्यवस्थापकांकडे आणि व्यवस्थापक लग्नाला. कन्सोल केबल घेऊन पुण्याहून निघालो, खंबाटकीत ट्रक आडवा पडलेला, पहाटे चारला पोचलो. काम दोन मिनिटांचं.

तेव्हापासून आधी 'रीलोड इन १०', मग बदल. संपर्क तुटलाच तर दहा मिनिटांत राउटर स्वतःहून जुन्या कॉन्फिगवर उठतो. सगळं नीट झालं तर 'रीलोड कॅन्सल' आणि मगच सेव्ह. मध्ये सेव्ह केलंत तर या सगळ्याला अर्थ नाही. दुसरं: जुन्या पद्धतीच्या क्रमांकाच्या लिस्टमधली एक ओळ काढायला 'नो ॲक्सेस-लिस्ट ११०' आणि पुढे ती ओळ, असं टाइप केलंत तर एक ओळ जात नाही, अख्खी ११० जाते. नावाची लिस्ट ठेवा, तिच्यात शिरा, 'नो ३०' म्हणा. मध्ये जागा हवी असेल तर 'आयपी ॲक्सेस-लिस्ट रीसीक्वेन्स'.

तुमच्या शाखेत मायक्रोटिकचा राउटर आहे असंही लिहिलंत. तिथे ही सगळी सवय उलटी करावी लागते. मायक्रोटिकच्या फायरवॉल-नियमांच्या साखळीच्या शेवटी काही नसेल तर पॅकेट जाऊ दिलं जातं, ड्रॉप तुम्ही स्वतः लिहायचा. दुसरं म्हणजे फास्टट्रॅक (चालू जोडण्यांना झटपट पुढे सोडणारी सोय) चालू असेल तर त्यातली पॅकेट मँगलला, म्हणजे पॅकेटवर खुणा लावायच्या टप्प्याला, बायपास करतात. लाइन निवडायच्या खुणा लावलेल्या असूनही काही जोडण्या भलत्याच लाइनीने का जातात, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. लांबून काम करताना सेफ मोड वापरा.

आयपीव्ही६ विसरू नका. ब्रॉडबँडवाल्याने ते सुरू केलं असेल आणि राउटर ते आत वाटत असेल तर वरची एकही ओळ त्याला लागू नाही. वापरत नसाल तर आतल्या इंटरफेसवर बंद करा. वापरत असाल तर 'आयपीव्ही६ ट्रॅफिक-फिल्टर' वेगळं लिहा, आणि शेवटी हौसेने 'डिनाय आयपीव्ही६ एनी एनी लॉग' लिहाल तर त्याच्या आधी 'परमिट आयसीएमपी एनी एनी एनडी-एनए' आणि 'एनडी-एनएस' (शेजारच्या यंत्रांचे पत्ते शोधायचे निरोप) स्वतः लिहा. एरवी राउटर ते दोन आपणहून गृहीत धरतो, पण तुमच्या ओळीच्या नंतर.

राहिला राउटर स्वतः. पाहुण्यांच्या लिस्टमध्ये खाजगी पत्ते बंद झाले, पण लीज लाइनचा तुमचा सार्वजनिक पत्ता ७० व्या ओळीतून त्यांना दिसतोच. म्हणून राउटरच्या लॉगिनला 'ॲक्सेस-क्लास' लावा, फक्त तुमच्या संगणकाचा पत्ता. तुमच्या कॉन्फिगमध्ये ती 'लाइन व्हीटीवाय ० ४' वर (लांबून लॉगिन करायच्या पहिल्या पाच जागांवर) आहे, 'व्हीटीवाय ५ १५' वर नाही. पहिल्या पाच जागा भरल्या की सहावा माणूस त्या उघड्या दारातून येतो. आणि 'नो आयपी एचटीटीपी सर्व्हर', 'नो आयपी एचटीटीपी सिक्युअर-सर्व्हर' दोन्ही टाका. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयओएस एक्सईच्या वेब पानात सापडलेल्या भोकाला, सीव्हीई-२०२३-२०१९८ ला, तीव्रतेचे १० पैकी १० मिळाले होते. लॉगिन न करता कुणीही राउटरवर सर्वाधिकारी खातं उघडू शकत होता.

शनिवारी पुन्हा बसाल तेव्हा आधी २० ची लिस्ट, मग ३० आणि ४०, मग रूट-मॅप, शेवटी काउंटर. प्रत्येकानंतर एक फोन वायफाय विसरायला लावून पुन्हा जोडून बघा, नुसतं पिंग नको. सोमवारी दुपारी बाराला 'शो ॲक्सेस-लिस्ट्स' आणि 'शो रूट-मॅप' दोन्ही काढून ठेवा. ४० च्या लिस्टमधल्या ८० व्या ओळीपुढे काही शेकडा मॅच असतील, त्यात १६९.२५४ चे आणि दुसरीकडच्या वायफायचा जुना पत्ता घेऊन आलेल्या फोनांचे पॅकेट असतात, काळजीचं कारण नाही. ३० च्या लिस्टची शेवटची ओळ मात्र मला कळवा. तिथे आकडा हजारांत गेला असेल तर लॉगमध्ये कुठला कॅमेरा कुठल्या पत्त्याकडे आणि कुठल्या पोर्टवर जायला बघतोय, ते सोबत पाठवा.